वेलांटी कोण देतं?

‘शक्तिमान’ हा शब्द पाटीवर लिहा, टंकयंत्रावर उठवा किंवा फोनवर उमटवा, दिसायला एकच. बोटांचं काम मात्र दर ठिकाणी निराळं. टंकयंत्रावर आधी श, मग पहिली वेलांटी, मग अर्धा क आणि त, म्हणजे कागदावर दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली संगणक आणि फोन अक्षरं साठवतात त्या पद्धतीत, श, क, पाय मोडायची कळ, त आणि मग वेलांटी. तिथे क्रम उच्चाराचा चालतो. टंकयंत्रावर हात बसलेला माणूस संगणकाच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीवर, आला की सवयीने वेलांटी आधी देतो आणि ‘शिक्तमान’ होऊन बसतं. मागच्या अक्षराला आधीच काना असेल तर बिचाऱ्या वेलांटीला बसायला जागाच उरत नाही. मग ती ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन लोंबकळते. जुन्या फाँटांतला मजकूर घाईने युनिकोडमध्ये बदलला की पानोपानी हेच दिसतं.

शाळेत लिहायला शिकवताना ‘ग म भ न’पासून सुरुवात करतात ती आकारासाठी. एक उभी काठी आली की चार अक्षरं हाताशी येतात. इनस्क्रिप्टला आकाराशी देणंघेणं नाही, त्याची मांडणी उच्चाराची. क आणि ख एकाच कळीवर, त आणि थ एकाच कळीवर. व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, स्वर डाव्या. ‘एफ’वर पहिली वेलांटी, तिच्या डोक्यावर ‘आर’ला दुसरी. शेजारी ‘जी’वर पहिला उकार, वर ‘टी’ला दुसरा. ह्रस्व खाली, दीर्घ वर. ज्याची बाराखडी पक्की, त्याला हा कीबोर्ड लवकर बसतो. शिवाय दर वेलांटीला बोट खाली ठेवायचं की वर न्यायचं, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. शिकण्याच्या दृष्टीने मला ही त्याची सगळ्यात मोठी सोय वाटते.

फोनवर बहुतेक जण रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. तिथे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. न की ण, ल की ळ, पहिली की दुसरी, सगळं कीबोर्डवरच्या शब्दसूचनांच्या पट्टीत तयार येतं आणि आपण बोट ठेवून मोकळे होतो. वेगापायी वेलांटीचा बळी ही मराठीला नवी गोष्ट नाही म्हणा. मोडीत लेखणी न उचलता भरभर लिहायचं असे, आणि इकार-उकारांतला ह्रस्व-दीर्घ भेद तिथे पाळत नसत. पण मोडीत तो भेद सगळ्यांसाठीच बाद होता. इथे तो शाबूत आहे, फक्त यंत्राच्या ताब्यात गेलाय. मुलाला बरोबर शब्द ओळखता येतो, पण कोऱ्या कागदावर तोच लिहिताना पेन्सिल अडते.

पट्टीचाही घोळ असतोच. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, त्यामुळे एकेका नामाची ढीगभर रूपं होतात आणि ती सगळी यादीत असतातच असं नाही. ‘मूल’ पट्टीतून उचलून पुढे ‘आला’ जोडलं की ‘मूलाला’ तयार. हवं असतं ‘मुलाला’, कारण सामान्यरूप होताना शेवटून दुसऱ्या अक्षराचा दीर्घ ऊ ह्रस्व होतो. दुसरा घोळ रिकाम्या जागेचा. शब्द निवडला की कीबोर्ड आपणहून पुढे जागा सोडतो आणि ‘मुंबई त’, ‘घरा समोर’ अशी फाटाफूट होते. हल्ली दुकानांच्या पाट्यांवरही ती दिसते. मजकूर थेट फोनवरून छापखान्यात जात असणार.

फोन हिसकावून घेऊन काही साधत नाही. सेटिंगमध्ये शब्दसूचना आणि आपोआप सुटणारी जागा बंद करून, फोनवरच इनस्क्रिप्ट लावून श्रुतलेखन घ्यावं. रोज दहा शब्द पुरे, पण जोडीने: मूल–मुलाला, फूल–फुलांचा, जमीन–जमिनीत, गरीब–गरिबाला. आधी कागदावर, मग कळांवर. चुकलेला शब्द पुसून नवा लिहायला सांगण्यापेक्षा नेमकी कुठली कळ चुकली ते मुलाला शोधू द्यावं. ही जोडी अंगवळणी पडली की मगच ‘शरीर–शरीराला’ काढावं. इथे वेलांटी दीर्घच राहते, कारण शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. दोन्ही प्रकार पहिल्याच दिवशी एकत्र घातले, तर मुलं नियम सोडून अंदाजाने वेलांट्या देऊ लागतात.