बारदाना वाढवला म्हणून तूर कमी होत नाही

नागपूरच्या महाल भागात आमचं मेडिकल आहे. सध्या वजनाच्या चौकशीला रोज कोणी ना कोणी येतंच. काही जण मौंजारो विचारतात आणि काही जण ‘ते लाल इंजेक्शन, चरबी विरघळवायचं’. पुष्कळांना वाटतं, दोन्ही एकच. नाही जी. मौंजारो भूक आवरते, ती मोठ्या चाचण्यांमधून पास होऊन आली आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. लाल इंजेक्शनची गोष्ट वेगळी.

त्याला लिपोट्रॉपिक म्हणतात. आत बहुतेक मेथिओनिन, इनोसिटॉल, कोलीन ही पोषकद्रव्यं आणि बी-१२ जीवनसत्त्व असतं. लाल रंग बी-१२चा. बाकीच्या तिघांना रंगच नाही. पण गिऱ्हाइकाला तो रंगच औषधी वाटतो, त्याला काय करणार!

यात खरं शास्त्र आहे, हेही सांगते. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट आठवतात? टोरांटोला स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगायचे, पण त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साचायची. कच्चं स्वादुपिंड खाऊ घातलं की ती उतरायची. पुढे लेसिथिननेही तेच होतं असं दिसलं आणि १९३२ मध्ये बेस्ट आणि त्यांचे सहकारी त्यातल्या कोलीनपर्यंत पोचले.

लिव्हर चरबी तशीच रक्तात सोडत नाही, व्हीएलडीएल नावाच्या बारीक कणांत भरून पाठवते. त्या कणांच्या आवरणाला फॉस्फॅटिडिलकोलीन लागतं. ते कोलीनपासून बनतं, थोडं लिव्हर मेथिओनिनच्या मदतीनेही बनवते. तुरीच्या हंगामात खरेदी केंद्रावरचा बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला की काय होतं, ते आपल्या विदर्भात कोणाला समजावून सांगायला नको. माल आवारातच पडून राहतो. कोलीन कमी पडलं की लिव्हरचं तसंच. शिरेतून दिलेल्या आहारावरच असलेल्या रुग्णांमध्ये हे दिसलेलं आहे.

पण बारदाना पुरेसा असताना आणखी गठ्ठे आणून टाकले, तर शेतातली तूर कमी होते का? आणि पोती भरून निघालेला माल जातो कुठे? व्हीएलडीएलमधली चरबी स्नायू वापरतात, उरलेली चरबीच्या पेशी ठेवून घेतात. म्हणजे लिव्हरमधून निघाली आणि पोटावर येऊन बसली, असंही होतं. जळणं वेगळं. ते पेशींच्या आत, मायटोकॉन्ड्रियात होतं आणि खाल्ल्यापेक्षा जास्त खर्च झाला तरच साठा कमी होतो. १० किलो चरबी पूर्ण जळाली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, बाकीचं पाणी होतं. सुईच्या टोकातून विरघळून काही जात नाही.

मागे एक ताई एका क्लिनिकचा कागद घेऊन आल्या. वजन खरंच उतरलं होतं, खूश होत्या. मी कागद उलटून पाहिला. मागे आहार लिहिलेला: साखर बंद, तळलेलं बंद, रात्री भात बंद, सकाळी अंबाझरीला चालणं. मी म्हटलं, “ताई, हे सगळं पाळता?” म्हणाल्या, “हाओ, एवढे पैसे भरले ना!” आता श्रेय कोणाला द्यायचं? अमेरिकेच्या एफडीएने तरी वजन कमी करायला या मिश्रणाला मंजुरी दिलेली नाही.

बी-१२चं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. शुद्ध शाकाहारी माणसं, वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणारी माणसं, यांच्यात ते कमी पडतं. पाय झिणझिणतात, थकवा येतो. अशाला इंजेक्शन दिलं की तरतरी येते, माणूस चार पावलं जास्त चालतो. तपासणी करून, डॉक्टरला विचारून घ्यावं. त्या ताईंनाही तेच सांगितलं, कारण मेटफॉर्मिनची पट्टी त्या आमच्याकडूनच नेतात.

कोलीनची सोय तर स्वयंपाकघरातच आहे. एका अंड्यात साधारण १५० मिलिग्रॅम मिळतं. पाळी गेल्यावर बायकांना ते जास्त लागू शकतं, कारण लिव्हरमध्ये ते बनवण्याच्या कामाला इस्ट्रोजेनची साथ असते. ताई म्हणाल्या, “आमच्याकडे सासूबाई अंडं उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत.” मग सोयाबीन घ्या म्हटलं, शेंगदाणे घ्या, पण मोजून. पोह्यावरच्या तर्रीत भिजलेले मूठ-मूठ शेंगदाणे मी धरणार नाही, हेही तिथंच सांगून टाकलं.