कॅन्सस सिटी ते डेन्व्हर : वारा फिरला तो तास

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला गाडीने गेलो. मी, बायको आणि भारतातून आलेले आई-बाबा. आय-७० हा जवळपास नाकासमोर पश्चिमेला जाणारा हायवे, सुमारे ६०० मैल. पुष्कळजण या रस्त्याला कंटाळवाणा म्हणतात. पण या दिवसांत मैदानावरून थंड हवेची आघाडी, म्हणजे कोल्ड फ्रंट, उतरत असेल तर एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

चूक आदल्या रात्रीच झाली. फोनवर वाटेतल्या हेज गावाचं दुसऱ्या दिवशीचं कमाल तापमान पाहिलं. ७९ अंश फॅरनहाइट, म्हणजे २६ सेल्सिअस. झालं, जाकिटं बॅगेच्या तळाशी गेली. फ्रंटच्या दिवशी हा कमाल आकडा खरा असतो, पण तो सकाळी अकराचा असू शकतो. दुपारी तीनला त्याच गावात कानटोपी लागते. त्यामुळे दिवसाचा आकडा बघूच नका. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याच्या, साइटवर गावाचं नाव टाकलं की तासागणिक आलेख मिळतो. त्यात दक्षिणेकडून येणारा वारा कोणत्या तासाला उत्तरेकडून येऊ लागतो ते शोधा. प्रवास त्या तासाभोवती आखायचा.

सकाळी सातला निघालो. सलायनापर्यंत उबदार, जोरदार दक्षिणेचा वारा. आम्ही पश्चिमेला चाललेलो, म्हणजे वारा डावीकडून. स्टिअरिंग सतत थोडं डावीकडे धरून ठेवावं लागत होतं. पुढे पवनचक्क्या लागल्या, मग कुंपणांचे दगडी खांब. इथे झाडं कमी, म्हणून पूर्वीच्या शेतकऱ्यांनी चुनखडीचे खांब काढून तारा ओढल्या. आणि दुतर्फा ज्वारी! बाबांनी गाडी थांबवायलाच लावली. ताटं जेमतेम कमरेएवढी, कणसं तांबूस. "अरे, ही तर आपलीच, नुसती बुटकी," म्हणाले. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

हेजच्या अलीकडे वायव्येला क्षितिजावर राखाडी-निळी पट्टी दिसली. बाबा म्हणाले, "वारा पडला बघ." खरंच, दोन-चार मिनिटं गवत हललं नाही. मग उजवीकडून असा धक्का बसला की गाडी लेनच्या रेघेपर्यंत सरकली. सकाळपासून डावीकडे रेटणारा हात आता चुकीच्या बाजूला होता. हा क्षण लक्षात ठेवा. फ्रंटच्या रेषेजवळ वेग कमी करा, क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद करा आणि उंच ट्रकच्या बाजूने रेंगाळू नका. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना वारा एकदम अंगावर येतो. गाडीतल्या आकड्याप्रमाणे अर्ध्या तासात ७८ वरून ४९ अंश (इथले सगळे आकडे फॅरनहाइटच).

हे इथेच इतकं का होतं? कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत या मैदानाला पूर्व-पश्चिम आडवा डोंगर नाही. पश्चिमेला रॉकी पर्वत आहे, तो थंड हवेला अडवून दक्षिणेकडेच वळवतो. जड थंड हवा जमिनीलगत पाचरीसारखी शिरते आणि उबदार हवेला वर उचलते. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ओक्लाहोमा सिटीत ८३ अंशांचा दिवस मध्यरात्रीपर्यंत १७ वर आला होता. ५ सप्टेंबर २०२० ला डेन्व्हरमध्ये १०१ अंश होते आणि ८ तारखेला बर्फ.

पुढच्या थांब्यावर आईने दार उघडलं आणि वाऱ्याने ते हातातून हिसकावलं. बिजागरी वाचली, पण बोटं थोडक्यात वाचली. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, आणि दार दोन्ही हातांनी धरा, विशेषतः वयस्कर माणसं बरोबर असतील तर. जाकिटं डिकीत नकोत, मागच्या सीटवर हवीत. आम्ही ती डिकी उघडून वाऱ्यात काढली, आई तोवर शालीत कुडकुडत होती.

डेन्व्हर गाठायचा हट्ट सोडून कोल्बीला मुक्काम केला, ते शहाणपणाचं ठरलं. कोल्बीच्या पश्चिमेला जमीन हळूहळू चढत जाते. फ्रंटमागचा ईशान्येचा वारा त्या चढावर वर सरकतो, गार होतो आणि पावसाचं बर्फ होतं. लायमन गाव तर डेन्व्हरपेक्षाही उंचावर आहे, त्यामुळे डेन्व्हरचा अंदाज 'पाऊस' असला तरी लायमनचा वेगळा बघा. बर्फ वाढला की या पट्ट्यात हायवेवरची फाटकं चक्क बंद करतात. कॅन्ससमध्ये कॅनड्राइव्ह आणि कोलोरॅडोत सीओट्रिप या साइट्सवर रस्त्याची स्थिती कळते. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

सकाळी पारा २७ फॅरनहाइटवर, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली, आणि टायरचा पिवळा दिवा लागलेला. पंक्चर नव्हतं. दर १० अंश फॅरनहाइटला टायरमधली हवा साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरते, आमची पाचेक उतरली होती. निघायच्या आधी थंड टायरमध्येच भरून घेतली. काचेवर फवारायचं पाणी उन्हाळी असेल तर तेही आदल्या दिवशी बदला, आमच्या नळीत गोठून बसलं होतं.

ऊन वर येऊन पुलांवरचा बर्फ सुटेपर्यंत, म्हणजे दहापर्यंत थांबलो. पूल रस्त्याच्या आधी गोठतात. एक लक्षात असू द्या, कोल्बी सोडून गुडलंडकडे जाताना घड्याळ एक तास मागे जातं, पुढच्या गावांचे अंदाज त्या वेळेने वाचा. निघताना आकाश धुतल्यासारखं निळं होतं. पार्किंगमध्ये उभं राहून आई वर बघत होती. उत्तरेचा वारा पाठीशी घेऊन क्रौंचांची लांब रांग दक्षिणेला चालली होती, आणि त्यांचा घशातला आवाज खूप वेळ ऐकू येत राहिला.