चिप बिचारी निर्दोष होती

प्ले दाबलं की स्पीकरमधून एक बारीकसं 'टक' आणि मग काहीच नाही, तीन संध्याकाळी मी एवढंच ऐकत बसले होते. सर्किट तसं पोरखेळच म्हणायचं, आयएसडी१८२० ही आवाज साठवणारी १४ पायांची चिप, एक मायक्रोफोन, ८ ओहमचा छोटा स्पीकर, तीन सेल, दोन बटणं आणि मूठभर रेझिस्टर-कॅपॅसिटर, सगळं ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंग न करता भोकांत पाय खुपसून सर्किट जोडायच्या पाटीवर. रेकॉर्डचं बटण दाबून धरून बोलायचं आणि सोडून प्ले दाबायचं. एका तासात उरकेल असं वाटलं होतं, हाहा.

पहिला संशय अर्थातच चिपवर. म्हणजे आपण वायरी लावल्यात त्या चुकल्या असतील हे शेवटी सुचतं, आधी चिप डुप्लिकेट असते. दोन आणल्या होत्या म्हणून पहिली उपटली (उपटताना तिचा एक पाय वाकला), दुसरी बसवली, तेच 'टक'. पहिली "मेलेल्यां"च्या डबीत गेली आणि आता दुसरीकडे पण मी संशयानेच बघायला लागले.

मग एकदाचा मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचा मीटर) काढला, जो खरंतर पहिल्या मिनिटाला काढायला हवा होता. सेलपाशी साडेचार व्होल्ट, चिपच्या पायावर पण साडेचार, आणि बोर्डाच्या उजव्या अर्ध्यात लाल रेलवर (पॉवर वाटून देणारी भोकांची लांब ओळ) शून्य! लांब ब्रेडबोर्डांमध्ये काहींच्या पॉवर रेल मधोमध तुटलेल्या असतात, वरची लाल-निळी रेघ पण तिथे खंडित असते, पण बघतंय कोण. माझी दोन्ही बटणं आणि मायक्रोफोनचा बायस (त्याला चालायला लागणारा करंट), सगळं त्या उजव्या अर्ध्यात. दोन जंपर (छोट्या वायरी) मारून रेल जोडल्या, सेल लावले आणि लगेच लाल एलईडी लागला. मी खूश. तो रेकॉर्डिंगचा एलईडी आहे आणि मी तर अजून कुठल्याच बटणाला हात लावलेला नाही, हे त्या आनंदात डोक्यातच आलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्ले दाबलं, टक.

आता या सर्किटची खरी गोची अशी आहे की प्ले दाबल्यावर शांतता आली तर त्यातून काहीच कळत नाही. आवाज नीट साठलाय पण वाजत नाहीये, की वाजवणारा भाग ठणठणीत आहे पण साठवलेलीच शांतता आहे? दोन्हीचा निकाल एकच. माझे दोन दिवस यातच गेले, स्पीकर बदल, मग कॅपॅसिटर बदल, मग परत जुना स्पीकर लाव, नुसता अंधारात गोळीबार.

सुटका केली ती एफटी नावाच्या पायाने. फीड थ्रू. त्याला प्लस दिला की मायक्रोफोनचा आवाज मेमरीत न जाता थेट स्पीकरवर येतो, म्हणजे साठवणुकीचा भाग बाजूला काढून फक्त ऐकणं आणि वाजवणं तपासता येतं. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) लिहिलंय की या वेळी रेकॉर्ड आणि प्लेचे पाय लो, म्हणजे शून्य व्होल्टवर हवेत, म्हणून मी दोन्ही बटणं सरळ उपटूनच टाकली, त्या पायांना आतून पुल-डाऊन असतो, म्हणजे काही जोडलं नसेल तर ते आपोआप लो राहतात, त्यामुळे मोकळे सोडले तरी चालतात. एफटीला वायर लावली, टिचक्या मारल्या, फुंकर मारली, काही नाही. मायक्रोफोनच्या दोन पायांमध्ये व्होल्टेज मोजलं तर शून्य. या इलेक्ट्रेट मायक्रोफोनच्या आत एक एफईटी, म्हणजे छोटा ट्रान्झिस्टर असतो, त्याला बाहेरून रेझिस्टरमधून करंट मिळाला नाही तर तो मुका. आणि माझा ४.७ के (किलोओहम) चा रेझिस्टर एक रांग सोडून शेजारच्या रांगेत बसलेला. एक भोक सरकवलं आणि स्पीकरने अशी काही कर्कश शिट्टी मारली की मी खुर्चीतून उठलेच. मायक्रोफोन आणि स्पीकर एकमेकांना खेटून असले की हे होणारच, पण आयुष्यात फीडबॅकची शिट्टी इतकी गोड कधी लागली नव्हती. म्हणजे मायक्रोफोन, आतला अॅम्प्लिफायर, स्पीकर, सगळं जिवंत आहे.

एफटीची वायर काढली, बटणं परत लावली, सेल लावले, एलईडी लागला, रेकॉर्ड दाबून बोलले, प्ले दाबलं. परत तेच. या वेळी तर टक पण नाही. मग मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, सारांश असा की चिपच गेलेली आहे आणि विकणाऱ्याने मला उल्लू बनवलंय.

थोड्या वेळाने चहा पिताना डोक्यात आलं, बटणं नव्हती तेव्हा सगळं चालत होतं ना? मग बटणं लावल्यावर बिघडलं तर बटणंच बघायला हवीत. चार पायांच्या छोट्या पुश बटणात दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात, आणि बटण ९० अंशात फिरवून बसवलं की ते न दाबताच दाबलेलं. मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप करतो त्या मोडवर) ठेवला तर तो बीप बीप करतच राहिला. प्लेचं बटण बरोबर, रेकॉर्डचं आडवं. म्हणून सेल लावल्या लावल्या एलईडी लागत होता! चिप मुकाट्याने रेकॉर्ड करत होती, आणि रेकॉर्डचा पाय हाय असला की ती प्लेकडे बघतच नाही.

बटण फिरवलं, आणि रेकॉर्ड न करता सहज आधी प्ले दाबलं. स्पीकरमधून माझाच आवाज आला, पाण्याखालून बोलल्यासारखा, पण माझाच, "...चिपच गेलीये, डुप्लिकेट माल..." आणि पुढचं सगळं, सविस्तर. मी तिला शिव्या घालत होते आणि ती त्या इमानदारीत उतरवून घेत होती. सेल काढले तरी ते पुसलं जात नाही हेही त्यातच कळलं.

तो पाण्याखालचा आवाज मात्र माझ्या हावरटपणामुळे. रोस्क नावाच्या पायावरचा रेझिस्टर रेकॉर्डिंगची वेळ ठरवतो, ८० के ला ८ सेकंद, १०० के ला १०, २०० के ला २०. मी अर्थात २०० के लावलेला. पण मेमरी तेवढीच, त्यामुळे वेळ वाढवला की सॅम्पलिंग (सेकंदाला किती वेळा आवाज मोजला जातो ते) खाली येतं, ८ सेकंदाला ते ८ किलोहर्ट्झ असतं आणि २० ला फक्त ३.२, मग 'स' आणि 'श' कुठून ऐकू येणार. १०० के लावला आणि गंमत म्हणून जुनंच रेकॉर्डिंग वाजवलं, तर शिव्या दुप्पट वेगाने खारीच्या आवाजात. हे दोनचार वेळा ऐकलं, खोटं कशाला बोलू.

नंतर सेलऐवजी मोबाईलचा चार्जर लावला तर मागे चिरचिर सुरू झाली. मायक्रोफोनच्या बायसच्या वाटेवर १ के आणि २२० मायक्रोफॅरडचा फिल्टर दाखवलेला असतो, तो मी "कशाला हवाय" म्हणून गाळला होता. यासाठी हवाय. तो लावला, चिपच्या पॉवरच्या पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड लावला, मायक्रोफोनच्या वायरी कापून आखूड केल्या, चिरचिर जवळपास गेली. आणि हो, स्पीकरची एक वायर ग्राउंडला जोडू नका, दोन्ही टोकं चिपच चालवते.

सगळं झाल्यावर डबीतली ती पहिली चिप काढली. वाकडा पाय चिमट्याने सरळ केला, बसवली, रेकॉर्ड दाबून एक दोन तीन चार म्हटलं. प्ले दाबलं तर चारही आकडे स्वच्छ परत आले.