मामांच्या हरभऱ्यात एक सकाळ

आज सकाळी सिन्नरला मामांच्या शेतात गेले होते. हरभरा घाट्यांवर आलाय, हात पानांवरच्या आंबट आंबेनं नुसते चिकट. मधेच काही झाडं माना टाकून वाळलेली. मामांनी एक उपटलं, नखानं खोड उभं चिरलं. आत काळपट रेघ.
"मर लागली गं."

बियाणं घरचंच, कित्येक वर्षं तेच ते. शेजारच्या पट्ट्यातला 'विजय' मात्र हिरवागार! राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा हा वाण मर रोगाला सहजी दाद देत नाही.

असा वाण घडवायचा म्हणजे केवढी चिकाटी! न उमललेल्या इवल्या कळीतले दहाच्या दहा पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. साधलंच तर घाट्यात एक-दोन दाणे. मग पिढ्यान्‌पिढ्या निवड. मुळात हरभऱ्यात विविधता कमी, म्हणून रोगाशी झुंजणारे गुण जुन्या गावरान वाणांत, थेट तुर्कस्तानातल्या रानटी हरभऱ्यात शोधावे लागतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं असे हजारो नमुने थंडाव्यात जपलेत.

आजीच्या गाडग्यात, राखेत ठेवलेला बारीक लाल हरभरा आहे. निघताना मूठभर मागून आणलाय. येत्या रब्बीत परसात लावणार.