होमलोन 9 लाख 40 हजार, आणि त्याच्या मागे उभे 33 लाख

बडोद्याच्या दांडिया बाजारात वकिलांकडे टायटल सर्चचं (मिळकत कुणाची, तिच्यावर बोजा काय ते शोधायचं) काम करतोय, 22 वर्षं होत आली. खोटे दस्तावेज पाहिलेत, एकच फ्लॅट दोघांना विकलेला पाहिलाय, पण मांजलपूरच्या त्या घराचा दिवस डोक्यातून जात नाही, कारण त्यात लबाड असं कुणी नव्हतंच.

घेणारे आपलेच, रावपुऱ्यात भाड्याने राहणारे काका-काकू, काकांचा सगळा पीएफ यात घातलेला. सौदा 58 लाखांचा. घर काकूंच्या एकटीच्या नावावर, कारण गुजरातेत बाईच्या नावावर घेतलं की 1 टक्का नोंदणी फी माफ, आणि ते 58 हजार वाचवल्याचं काकांनी मला चार वेळा ऐकवलं. विकणारे एक गुजराती भाई, साधा माणूस, पहिल्या भेटीतच स्वतःहून बोलले की घरावर होमलोन आहे, 9 लाख 40 हजार बाकी, बँकेचं पत्रही आणून दिलं. आता लोनवालं घर रोजच कुणीतरी घेतं, त्यात वावगं काही नाही, लोनच्या बाकीचा चेक थेट लोन खात्याच्या नावाने काढायचा आणि उरलेले पैसे विकणाऱ्याला. बानाखत (विक्रीचा करार) झालं, 2 लाख बाना म्हणजे बयाणा दिला, इंडेक्सचा (रजिस्ट्रारकडच्या दस्तनोंदींचा) 30 वर्षांचा सर्च केला, एकदम स्वच्छ.

इतका स्वच्छ की होमलोनसुद्धा त्यात नाही! कारण मूळ दस्तावेज बँकेत नुसते जमा केले तरी गहाण होतं, 1882 च्या कायद्यापासून ते तसंच आहे, मग त्याची इंडेक्सला नोंद असेलच असं नाही. इथेच माझं डोकं चालायला हवं होतं, एक दिसत नाही तर दुसरंही दिसणार नाही ना. नाही चाललं. दस्तावेजाच्या आदल्या रात्री, ई-स्टॅम्प निघाल्यावर, मी आपलं सवयीने सरसाईवर बघितलं (बँकांनी गहाण घेतलेल्या मिळकतींची केंद्राची नोंद, 2011 पासून चालू आहे) तर तिथे दोन नोंदी. एक होमलोनची, आणि दुसरीत बँक तीच, पण ब्रांच वेगळी, 2016 ची, आणि नाव कुठल्याशा पेढीचं.

सकाळी दहाला बँकेत. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि शांतपणे म्हणाले, होमलोन बंद होईल हो, पण कागद सुटणार नाहीत, याच घरावर सीसी (कॅश क्रेडिट, धंद्याचं कर्ज) आहे, 33 लाख वापरलेत. मी म्हटलं मग पत्रात का नाही लिहिलं, तर म्हणाले तुम्ही होमलोनची बाकी विचारली, तेवढीच लिहिली. खरंच होतं, अर्ज मीच टाईप केलेला. विचारायला हवं होतं की एवढे भरले तर मूळ कागद हातात देणार का, आणि या घरावर तुमचं आणखी काय आहे. आणि आदल्याच दिवशी मी काकांना ऐटीत सांगितलेलं, लोन फिटलं की 30 दिवसांत कागद द्यावेच लागतात, नाहीतर दिवसाला 5,000 भरपाई, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हो, पण ते सगळं फिटल्यावर.

रजिस्ट्रारकडे काकू रेशमी साडी नेसून, हातात पेढ्यांचा डबा. मी सांगितलं तसे भाई म्हणाले, "ए तो भाईनी पेढीनुं छे, एमां घरने शुं?" भावासाठी जामीन राहिलो एवढंच त्यांना माहीत. त्यांच्या बायकोला तर तेवढंही नाही, तिने फक्त विचारलं, "तमे सही क्यारे करी?" (तुम्ही सही कधी केलीत?) आणि त्यानंतर तासभर ती एक शब्द बोलली नाही.

भाई म्हणाले बे महिनामां पती जशे, म्हणजे दोन महिन्यांत मिटेल, आणि आमचे काका चक्क विरघळायला लागले! मग मात्र मी आवाज चढवला, म्हटलं काका, घर तुमचं झालं तरी गहाण त्याच्याबरोबर येतं, यांच्या भावाने पैसे थकवले तर 2002 च्या कायद्याने 60 दिवसांची नोटीस आणि मग बँकेचं कुलूप तुमच्या दाराला. काकू उठल्या, म्हणाल्या, "अहो, पेढे गाडीत ठेवा."

तसा हिशोब बसत होता, दोन्ही मिळून साडेबेचाळीस लाखांच्या आत, आणि बोजाइतकी रक्कम किमतीतून कापून बँकेला भरायची मुभा कायदाच घेणाऱ्याला देतो. पण भाईंनी त्या पैशांतून मुलासाठी फ्लॅट बुक केलेला, साडेअठ्ठेचाळीस हातात येतील धरून, आता बाना वजा जाता साडेतेराच. तीन आठवडे गेले त्यांना तयार करण्यात. शेवटी दोन्ही ब्रांचचं एकत्र पत्र घेतलं, पे ऑर्डर दोन्ही खात्यांच्या नावाने, आणि बँकेचा माणूस मूळ कागद घेऊन रजिस्ट्रारकडे हजर, मगच काकूंनी अंगठा टेकवला.

सगळं झाल्यावर भाईंनी सुटलेल्या कागदांतलं जामीनकीचं शेवटचं पान माझ्याकडून मागून घेतलं. बराच वेळ बघत होते. "सही तो मारीज छे." बायकोने ते पान हातातून घेतलं, मोबाईलवर फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या दिराला पाठवला.