तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं लाइममुळेच का?

"म्हणजे तुझ्या हार्मोन्सचं हे सगळं त्या लाइममुळेच ना?" मावशी फोनवर विचारते. मंडळाच्या गणपतीत जेवण वाढताना कुणी ना कुणी विचारतंच. दर वेळी मी "हो, बहुधा" म्हणून सुटका करून घेते. आज नीट सांगते.

गोचीड चावून मला लाइम हा जंतूंचा आजार झाला, ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे. एकच राहिलंय. सावळ्या कातडीवर चाव्याभोवतीचं ते लाल कडं लाल दिसलंच नाही. मुका मार समजून मी हळद लावत बसले आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक उशिरा सुरू झालं. कोर्स संपला तरी मी बरी झाले नाही. पाळी चार-चार महिने यायची नाही. जुलैत स्वेटर. उठून उभी राहिले की छातीत धडधड. रक्तातलं टीएसएच २.१, म्हणजे थायरॉइड ठीक. मध्ये एकदा तो आकडा एकदम घसरला आणि घर हादरलं. निघालं काय, तर केस गळतात म्हणून मी बायोटिन घेत होते आणि त्याने तपासणीच चुकते. बंद केल्यावर आकडा जागेवर आला. मी मात्र होते तिथेच.

"सगळं नॉर्मल आहे" हे तीन डॉक्टरांकडून ऐकल्यावर मी एका खासगी क्लिनिकमध्ये गेले. तिथे दिवसातून चार वेळा लाळ तपासली आणि सांगितलं, लाइमने तुमच्या मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल हे हार्मोन बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात. हार्मोन्सचे तज्ज्ञ 'थकलेल्या अ‍ॅड्रिनल' हे निदान मानत नाहीत, हे माझ्या फॅमिली डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं. मी ऐकलं नाही. रोज २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे तेच कॉर्टिसोल स्टेरॉइडच्या गोळीतून, सुरू झालं. खरं सांगू? पहिले तीन आठवडे मी माणसात आले. लेकीला पोहायला नेलं, पुरणपोळ्या केल्या.

नऊ महिन्यांनी कळलं, की बाहेरून कॉर्टिसोल मिळत राहिलं की मेंदू ग्रंथींना हाक मारणं थांबवतो आणि त्या खरोखरच झोपी जातात. माझा इतका संताप झाला की बाटली उचलून कचऱ्यात टाकली. हळूहळू कमी करत सोडायचं असतं, हे वाचायचा धीर नव्हता. चौथ्या दिवशी पोटाचं साधं दुखणं झालं, लेकीच्या शाळेतून आलेलं. तिला एका रात्रीत उतार पडला. मी बाथरूमच्या फरशीवर होते. उलट्या थांबेनात, बीपी ७०, जीभ जड.

इमर्जन्सीत नवरा गाडी लावायला गेलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्टेरॉइड घेता का? हल्ली बंद केलंत का?"

मी म्हटलं, "नाही."

भ्रमात नव्हते मी. प्रश्न स्वच्छ समजला होता. फॅमिली डॉक्टर त्याच हॉस्पिटलचे, त्यांच्या कानावर जाईल याची लाज वाटली. जीव जात असताना मी लाजेने खोटं बोलले. बारा वर्षांची लेक कोपऱ्यातून म्हणाली, "आई, त्या पांढऱ्या गोळ्या?"

त्याच स्टेरॉइडचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून गेलं. तासाभरात मला छताचे दिवे स्पष्ट दिसायला लागले. लेक माझ्याकडे बघत नव्हती.

त्यानंतर गोळ्या सुटायला वर्ष लागलं. सकाळी आठला रक्त, कॉर्टिसोलचा आकडा, पुन्हा थोडी कमी, पुन्हा रक्त.

तर हे लाइममुळे झालं का? अ‍ॅड्रिनलचं तरी नाही, ते गोळ्यांनी झालं. पण मग "बघ, लाइमबिइम काही नव्हतंच" असंही म्हणू नका. गोळ्यांआधीची ती थंडी, ती गेलेली पाळी माझ्या मनाची नव्हती. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं लाइम हे गाव, ज्यावरून या आजाराला नाव पडलं, आमच्यापासून पाऊण तासावर आहे. तिथल्या पॉली मरे या आईने घरातल्या सगळ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं लिहून ठेवल्या, आणि १९७५ पर्यंत तिचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. क्लिनिकची पायरी चढताना मी स्वतःला तिचंच उदाहरण देत होते. आज वाटतं, ती लिहून ठेवत होती, तपासा म्हणत होती. मला मात्र फक्त हो म्हणणारं माणूस हवं होतं. पण त्या वेळच्या मला मूर्ख म्हणायला जीभ रेटत नाही. तीन वेळा "नॉर्मल" ऐकून घरी परतलेली बाई आणखी कुठे जाणार होती? त्या तिघांपैकी एकानेही तेव्हा सकाळचं कॉर्टिसोल रक्तात बघितलं नाही. बघितलं असतं तर आज माझ्याकडे आधीचा एक आकडा असता. तो नाही, आणि आता मिळणारही नाही.

म्हणून मावशी, "हो, बहुधा" मी यापुढे म्हणणार नाही. मार्चपासून पाळी वेळेवर येतेय. धडधड आहे तशीच आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन फ्रिजशेजारच्या खणात असतं, आणि ते कसं द्यायचं हे लेकीने शिकून घेतलंय.