पद्मिनीचं पत्र्याचं काम : डावं सिल पूर्ण

डाव्या बाजूचं सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची लांबट पेटी, बसलं. पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं हलक्या हाताने लागतात आणि दाराखालची फट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी आहे. ज्यांनी जुनी फियाट उघडली आहे त्यांना हे वाचून किती बरं वाटेल, ते मला ठाऊक आहे.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, वेंगुर्ल्याहून कोल्हापुरात आणलेली. १०८९ सीसीचं इंजिन मोकळं फिरतंय, त्याची चिंता नाही. या गाड्या इंजिनापायी मरत नाहीत, पत्र्यापायी मरतात. समुद्राकाठच्या गाडीचं तर विचारायलाच नको.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११००-१०३ची ही अखंड बॉडी, तिचंच पुढचं रूप कुर्ल्याच्या कारखान्यात बनत राहिलं. त्यामुळे सिलची ही पेटी नुसती शोभेची नाही. गाडीचं वजन ती पेलते. ती कुजली की गाडी मधोमध बसते. दार लावताना उचलून लावावं लागत असेल, तर आधी बिजागरी बदलू नका, खाली वाकून सिल बघा.

बघायची पद्धत साधी. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा टण्ण बोलतो, लांबी (पुट्टी) भरलेली जागा भद्द वाजते. नंतर लोहचुंबक फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे जाड लांबी आहे किंवा भलतंच काही आहे. माझ्या गाडीत भलतंच निघालं. बाहेरचं सिल कापलं तर आत आधीच्या कुणीतरी मारलेला पत्रा, त्याखाली रिव्हेट मारलेली ॲल्युमिनियमची पट्टी, त्याखाली मूळ सिलचा उरलेला पापुद्रा. तळाशी तांबडी माती आणि बारीक वाळू, अजून ओलसर. पाणी बाहेर जाण्यासाठी कंपनीने ठेवलेल्या खाचा अंडरकोटिंगच्या डांबराने गच्च बुजल्या होत्या. वरून पाणी येतंय, खाली वाट नाही; मग पत्रा आतूनच जाणार. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, तो यासाठीच. दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि गंज दिसेनासा होतो, थांबत नाही.

कापण्याआधीची तयारी हा या कामाचा खरा गाभा आहे. बॅटरीचं कनेक्शन काढलं, पेट्रोलची टाकी उतरवली, सीट आणि मॅटिंग बाहेर. गाडी सपाट कोब्यावर चारी चाकांवर उभी केली, म्हणजे वजन नेहमीच्याच जागी राहतं. मधल्या खांबापासून पुढच्या आणि मागच्या खांबापर्यंत एक इंची चौकोनी पाइपचे आडवे आणि तिरपे टेकू वेल्ड केले. टेकू आतल्या बाजूने घेतले, कारण दारं जागेवर टांगलेलीच हवीत. ग्राइंडर चालवताना खरं माप तीच सांगतात. दाराच्या चौकटीची दोन्ही तिरकी मापं घेऊन खांबावरच मार्करने लिहून ठेवली. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापलेली गाडी पुन्हा सरळ करायला जिग, म्हणजे बॉडी मापात धरून ठेवणारी पक्की चौकट लागते, ती आपल्याकडे कुठून येणार?

तयार सिल मिळतं का, हा प्रश्न नेहमी येतो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारातल्या टॅक्सीचे पत्रे मिळत. पण २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि तसंही मुंबईच्या टॅक्सीचं सिल म्हणजे आपल्याच गाडीचा गंज विकत घेणं. मी पुठ्ठ्याचा साचा केला आणि इथल्या शिवाजी उद्यमनगरात १८ गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड, साध्या) पत्र्याला प्रेसवर बाक काढून घेतला. जीपी, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा घेऊ नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगला जळतं, धूर विषारी असतो आणि झाळही भुसभुशीत येते.

मिस्त्रीमामांचा हात गॅस वेल्डिंगवर बसलेला. ते म्हणाले, "पितळेनं झाळतो की, दिसायचं पण न्हाई." मी म्हटलं, "मामा, दिसायचं नाही हे खरं, पण फ्लक्स, झाळताना लावतो ती पूड, आत राहतो आणि तोच पुढे पत्रा खातो. हे सीओटू वेल्डिंगवरच करूया." मामांनी मान्य केलं, आणि पत्र्याला हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) जो घाट त्यांनी दिला तो माझ्याच्याने जन्मात झाला नसता. कारखान्यातले स्पॉट वेल्ड ८ मिलिमीटरच्या कटरने सोडवले. नव्या पत्र्याच्या काठाला तेवढीच भोकं पाडली, सांध्यात वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावला, क्लॅम्प आवळले, दारं लावून फट बघितली आणि मगच भोकं वेल्डने भरली. टोकाच्या सांध्याला सलग रेघ ओढली नाही. इथे एक टाका, मग एकदम दुसऱ्या टोकाला एक; पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. घाई केली की पत्रा फुगतो.

मग टेकू काढले आणि तिरकी मापं पुन्हा घेतली. खांबावर लिहिलेल्या आकड्यांना धरून आली. मामा स्वतः दार तीनदा लावून बघत होते.

आषाढात कोल्हापुरात उघडा पत्रा रात्रीत तांबडा होतो, म्हणून त्याच संध्याकाळी एपॉक्सी प्रायमर मारला. साधा सरफेसर पाणी शोषतो. तो एपॉक्सीवर, नंतर. लांबी फक्त सांध्यापुरती, पातळ हात. रंग झाल्यावर पेटीत आतून वॅक्स फवारायचं आहे, आणि खाचा उघड्या ठेवायच्या आहेत.

आता टेकू उजवीकडे जातील. त्या बाजूला पायाखालचा फ्लोअरही गेलाय आणि त्यावरच्या उठावाच्या रेघा नीट उरलेल्या नाहीत. कुणाकडे मूळ फ्लोअर शाबूत असेल तर दोन रेघांमधलं अंतर आणि उठावाची उंची मोजून कळवा, फोटोत शेजारी पट्टी ठेवा. उद्यमनगरात लाकडी साचा करून घेतो, तुमच्यासाठीही एक पत्रा जास्तीचा काढून ठेवतो.